हॅमस्टर आपल्या घरात आला कुठून?



गेल्या चातुर्मासात आमच्या घरी एक प्रसंग घडला. तो लिहावा की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. पण पाठशाळेत मुलांना सोडायला येणाऱ्या दोघी-तिघींनी एकाच महिन्यात विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे ते हॅमस्टर आहेत ना? आमची मुलंही मागे लागलीत. घ्यावेत का?" दारात उभ्या उभ्या उत्तर देता येईना, म्हणून आज बसून लिहिते आहे.

आम्ही टेमघरला राहतो. मुळशीजवळचं धरणाचं टेमघर नव्हे, भिवंडी-कल्याण रस्त्यावरचं. इकडे गोदामं, यंत्रमाग, धान्याचे ट्रक, त्यामुळे घरात उंदीर निघाला तर कोणाला नवल वाटत नाही. सासूबाईंच्या शिस्तीप्रमाणे आमच्याकडे उंदराचं औषध येत नाही आणि चिकटवून मारायचे ते पुठ्ठे तर नाहीच नाही. रात्री पिंजरा लावायचा, सापडला की सकाळी लांब रिकाम्या जागेवर नेऊन दार उघडायचं. अशा घरात एका संध्याकाळी आमचे हे आणि आठ वर्षांची लेक गुलाबी प्लास्टिकचा पिंजरा घेऊन आले. आत दोन हॅमस्टर. सासूबाईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "एक उंदीर पकडून बाहेर सोडायचा आणि दुसरा पैसे मोजून घरात आणायचा. छान चाललंय."

दुकानदाराने सांगितलं होतं की दोन्ही माद्या आहेत आणि एकटीला करमत नाही म्हणून जोडीनेच ठेवा. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या, पण ते आम्हाला नंतर कळलं. लेकीने नावं ठेवली चिकू आणि लाडू. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी कागदाच्या कपट्यांच्या घरट्यात गुलाबी, डोळे मिटलेली नऊ पिल्लं दिसली. शेंगदाण्याएवढी. लेकीला आनंद मावेना. मजल्यावरच्या सगळ्या मैत्रिणी बोलावून तिने घरटं उचलून उचलून दाखवलं. मी स्वयंपाकघरात होते, मीही थांबवलं नाही. उलट मीही एकदा डोकावून आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पिंजऱ्यासमोर जाऊन बसली आणि तिने जे पाहिलं ते मी सविस्तर लिहीत नाही. आईच पिल्लाला खात होती. नऊतली चार उरली. लेक त्या दिवशी जेवली नाही. रात्री अंथरुणात तिने विचारलं, "आई, आईच असं कसं करते?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं ते असं: लाडू नर आहे, त्याला आत्ताच्या आत्ता वेगळं करा, नाहीतर ती लगेच पुन्हा गाभण राहील. पिंजरा अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. दहा-बारा दिवस घरट्याला हात लावू नका, फक्त दाणापाणी ठेवा. एवढीशी जागा, शेजारी नर, वरून माणसांचे हात, अशा वेळी तिला पिल्लं जगतील असं वाटत नाही. हे उत्तर मला पटलं, पण पुरेसं वाटलं नाही. मग हा प्राणी मुळात कुठला आणि आपल्या दिवाणखान्यात कसा पोचला, हे मी वाचायला घेतलं. वाचता वाचता लेकीच्या प्रश्नाशीच येऊन थांबले.

बाजारात 'सोनेरी' किंवा 'टेडी बेअर' म्हणून जो मोठा हॅमस्टर मिळतो, तो सीरियातल्या अलेप्पो शहराभोवतीच्या शेतांमधला. (ते अंगठ्याएवढे बुटके हॅमस्टर वेगळ्या जातींचे, सैबेरिया, मंगोलिया, चीनकडचे. त्यांची गोष्ट निराळी.) युरोपीय लोकांत त्याचं पहिलं वर्णन केलं ते अलेप्पोत राहिलेल्या रसेल बंधूंनी. अलेक्झांडर आणि पॅट्रिक, दोघंही डॉक्टर. यातला पॅट्रिक रसेल पुढे आपल्या देशात आला, मद्रास इलाख्यात राहून त्याने सापांचा अभ्यास केला, आणि आपल्या घोणसीला इंग्रजीत आजही त्याचंच नाव आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी छापलेल्या त्यांच्या अलेप्पोवरच्या ग्रंथात या प्राण्याच्या गालांच्या पिशव्यांचं वर्णन येतं. दोन्ही गाल कोवळ्या फरसबीच्या शेंगांनी ठासून भरलेले, शेंगा इतक्या नीट एकीला एक लावून रचलेल्या, की हे त्याने कसं जमवलं याचं लिहिणाऱ्यालाच आश्चर्य वाटलं. बाहेर काढून टेबलावर पसरल्या तर प्राण्याच्या अंगाच्या तिप्पट ढीग झाला. आपण चार महिन्यांची साठवण डब्यात रचतो तेव्हा मला आता तो आठवतो. अर्थात त्यांनी शेंगा मोजल्या त्या प्राण्याला चिरूनच.

१८३९ मध्ये लंडनच्या जॉर्ज वॉटरहाउस या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोहून आलेल्या एका नमुन्यावरून त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात 'सोनेरी' हा शब्द आला. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं त्याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. तो गव्हाच्या शेतात खोल बिळं करून राहत होता आणि शेतकरी त्याला पिकाचा चोर समजत होते.

त्याचं नशीब फिरलं ते एका आजारामुळे. त्या आजाराचं नाव आपल्याकडचं आहे, काळा आजार. बिहार, बंगाल, आसामात त्याने गावंच्या गावं ओस पाडली होती. ताप, वाढलेली पाणथरी, काळवंडणारी कातडी. १९०३ मध्ये लिशमन आणि मद्रासचे डोनोव्हन या दोघांनी त्याच्या जंतूचं वर्णन केलं, म्हणून त्या जंतूला दोघांचीही नावं मिळाली. कलकत्त्याच्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२२ च्या सुमारास त्यावर युरिया स्टिबामाइन हे औषध शोधलं आणि असंख्य जीव वाचले. याच जातीच्या रोगांवर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल ॲडलर नावाचे शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांना प्रयोगासाठी हॅमस्टर हवे होते. चीनमधून मागवलेले हॅमस्टर बंदिवासात पिल्लं देईनात, प्रत्येक वेळी नवे मागवावे लागत. म्हणून त्यांनी आपले सहकारी इस्रायल आहारोनी यांना सांगितलं, की जवळपासच्या प्रदेशातला एखादा हॅमस्टर शोधा.

१२ एप्रिल १९३० हा तो दिवस. अलेप्पोजवळच्या एका गव्हाच्या शेतात आहारोनींनी स्थानिक शेखच्या मदतीने मजूर लावले. उभ्या पिकाची नासाडी करत ते खणत गेले. सुमारे आठ फूट खाली घरटं सापडलं. त्यात एक मादी आणि तिची अकरा पिल्लं. सगळ्यांना पेटीत घातलं. आणि त्या पेटीत, माणसांच्या डोळ्यांदेखत, मादीने जवळ आलेल्या पहिल्या पिल्लाचं डोकं तोडलं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. लेकीने आमच्या घरात पाहिलं ते अगदी पहिल्या दिवशीच घडलं होतं. आहारोनींनी आपल्या आठवणींत त्याचा अर्थ लावलाय तो मला विसरता येत नाही. आपलं लेकरू माणसाच्या प्रयोगाला सापडण्यापेक्षा मेलेलं बरं, अशा मायेपोटीच तिने ते केलं, असं ते लिहितात. तिच्या मनात काय होतं कोण सांगणार. पण पकडणाऱ्या माणसालाच असं लिहावंसं वाटलं, याला मी महत्त्व देते. पुढे झालं ते मात्र हे, की उरलेली पिल्लं वाचावीत म्हणून तिला विषाच्या बाटलीत घालून मारलं.

आता डोळेही न उघडलेली दहा पिल्लं आणि आई नाही. आहारोनी आणि त्यांच्या पत्नीने ती हाताने वाढवली, ड्रॉपरने थेंब थेंब दूध पाजून. मैत्रिणींनो, ज्यांनी अपुऱ्या दिवसांचं बाळ कापूस-चमच्यावर वाढवलंय त्यांना हे काय काम आहे ते सांगायला नको. दर थोड्या वेळाने, रात्री-अपरात्री, प्रत्येकाचं तोंड वेगळं उघडून. पुढे नऊ पिल्लं हिब्रू विद्यापीठातल्या प्राणिघराचे प्रमुख बेन-मेनाहेम यांच्याकडे सोपवली गेली. त्यातली पाच एका रात्री पिंजऱ्याचा लाकडी तळ कुरतडून निसटली आणि मेली. उरलेल्यांसाठी त्यांनी जाळीचा मोठा पिंजरा केला, दाबून गवत भरलं, आणि त्या गवतात बोगदे करून राहिलेल्या भावा-बहिणींना पिल्लं झाली. वर्षभरात संख्या दीडशेच्या घरात गेली.

१९३१ मध्ये ॲडलर यांनी काही हॅमस्टर कोटाच्या खिशांतून इंग्लंडला नेले. तिथून ते देशोदेशीच्या प्रयोगशाळांत पोचले. मादी फक्त सोळा दिवसांत वितात, एका वेळी आठ-दहा पिल्लं, म्हणून प्रयोगशाळांना ते सोयीचे. संख्या वाढली तशी १९४० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत ते मुलांचे खेळगडी म्हणून विकले जाऊ लागले. छोटा पिंजरा, थोडा दाणा, भुंकणं नाही, फिरवायला न्यायला नको. युद्धानंतरच्या लहान घरांना असाच प्राणी हवा होता. आज जगभरच्या दुकानांतले जवळपास सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एका विषाच्या बाटलीत मेलेल्या आईचे वंशज आहेत. आणि अलेप्पोच्या शेतांतले त्यांचे रानटी भाऊबंद धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत.

माझ्या आजेसासूबाई १९२८ च्या. म्हणजे हॅमस्टर पाळायची रीत त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटी. गाय, कुत्रा, मांजर माणसाबरोबर हजारो वर्षं राहिली, एकमेकांची सवय झाली. हा बिचारा अजून त्या शेताच्या आठ फूट खालच्या बिळातच आहे, फक्त त्याच्याभोवतीचं शेत काढून घेतलंय. त्याचं सगळं वागणं तिथलंच आहे. तो एकटा राहणारा प्राणी. मोठे झालेले दोन सोनेरी हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवले तर भांडून एकमेकांना जखमी करतात, क्वचित मारूनही टाकतात. 'एकटीला करमत नाही' हे आपण आपल्या मनावरून ठरवतो. तो दिवसा झोपतो. मुलं शाळेतून येतात तेव्हा त्याची मध्यरात्र असते. झोपलेल्याला बोट लावलं की तो चावतो, आणि मग आपण म्हणतो हा रागीट आहे.

आहारोनी पती-पत्नी ड्रॉपरने दूध पाजत होते ते वाचताना मला एक दुसरीच गोष्ट आठवली. पाठशाळेत जीवदयेवर मुलांशी बोलायचं होतं तेव्हा मी पांजरपोळांचा इतिहास काढला होता, त्यात ती सापडली होती. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा रोमचा प्रवासी १६२३ मध्ये गुजरातेत खंबायतला आला होता. तिथे त्याने पक्ष्यांचं आणि जनावरांचं रुग्णालय पाहिलं. त्याच्या आधी चाळीस वर्षं राल्फ फिच नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यानेही खंबायतला लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी अशी घरं असल्याचं लिहून ठेवलंय. देल्ला वाल्लेने तिथे पाहिलं की एका पेटीत कापसावर उंदरांची अगदी छोटी पिल्लं ठेवली आहेत, आईबाप नसलेली. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा, नाकावर चष्मा, पक्ष्याच्या पिसाने त्यांना दूध पाजतोय, कारण दुसरं काही खाण्याइतकी ती मोठीच झालेली नव्हती. प्रवाशाने विचारलं असावं, कारण म्हाताऱ्याने त्याला सांगितलं की मोठी झाली की मी त्यांना सोडून देणार, जातील तिकडे जाऊ देत.

तो म्हातारा कोण, कुठल्या पंथाचा, त्याचं नाव काय, हे प्रवाशाने लिहिलेलं नाही. पण मी ती दोन दृश्यं शेजारी शेजारी ठेवून पाहते. खंबायतची पेटी आणि जेरुसलेमची पेटी, मध्ये तीनशे सात वर्षं. दोन्हीकडे आई नसलेली, उंदराच्या कुळातली पिल्लं. दोन्हीकडे कोणीतरी रात्र जागवून थेंबाथेंबाने दूध पाजतंय. हातांमध्ये काहीच फरक नाही. आहारोनींच्या पत्नीला मी निर्दय म्हणणार नाही. काळ्या आजाराने मेलेल्या माणसांचे जीवही जीवच होते, आणि त्या आजारावरचं पुढचं काम या प्राण्यांवर झालं हेही खरं. पण त्या पिल्लांची आई माणसाने खणून काढल्यामुळे गेली होती, आणि ती मोठी होऊन जाणार होती प्रयोगाच्या टेबलावर. खंबायतच्या पिल्लांना रान होतं.

आपल्या मुंबईत याच विचारातून एक मोठी संस्था उभी राहिली, तीही भांडणातून. १८३२ च्या उन्हाळ्यात सरकारने मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला, प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवलं. बक्षिसासाठी लोक घरांच्या आवारात शिरून कुत्री मारू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्माने मान, त्यामुळे जून महिन्यात पारशी रस्त्यावर उतरले. मग हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांनीही दुकानं बंद ठेवली, बाजार बसला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरला पांजरपोळ उघडली. जमशेटजी जीजीभॉय पुढाकाराने होते आणि शेठ मोतीशांसारख्या जैन सावकारांनी हात दिला. मोतीशा म्हणजे भायखळ्याचं देरासर ज्यांनी बांधलं तेच. भुलेश्वरची ती पांजरपोळ आजही गजबजलेल्या गल्लीत उभी आहे. चेंबूरला तर एका भागाचं नावच पांजरपोळ. मुंबईला जाता-येता फ्रीवेवर त्या बोगद्याजवळ आपण ते नाव वाचतो आणि पुढे जातो.

गंमत बघा, पांजरपोळ या शब्दातच पिंजरा आहे. 'पांजरू' म्हणजे गुजरातीत पिंजरा, 'पोळ' म्हणजे वस्ती. म्हणजे जनावराला बंद करून ठेवणं आपल्या लोकांना अगदीच वर्ज्य नव्हतं. जखमी, म्हातारं, टाकून दिलेलं जनावर मोकळं सोडलं तर मरेल, म्हणून ठेवायचं. दिल्लीच्या लाल मंदिरातल्या पक्ष्यांच्या रुग्णालयात बरा झालेला पक्षी गच्चीवरून सोडून देतात, परत मागायला मालकही आला तरी तो पक्षी पुन्हा पिंजऱ्यासाठी देत नाहीत. पंख कायमचा गेला असेल तर मात्र तो तिथेच राहतो.

अणुव्रतातल्या अहिंसेचे पाच अतिचार आपण सगळ्या पाठ म्हणतो. त्यातला पहिलाच 'बंध'. लहानपणी इचलकरंजीला माताजी शिकवायच्या तेव्हा मला वाटायचं, बांधणं हे मारण्याच्याही आधी का बरं येतं? तेराव्या शतकातल्या पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात गायी-गुरांबद्दल लिहिताना गृहस्थाला उतरत्या पायऱ्या दिल्या आहेत. उत्तम म्हणजे जनावरांवर उपजीविकाच नको. नाही जमलं तर पाळा, पण बांधू नका. तेही नाही जमलं तर बांधा, पण निर्दयपणे नको. मला हे फार व्यवहारी वाटतं. संसारी माणूस कुठल्या पायरीवर उभा आहे हे विचारून त्याला खालचं काय चालेल ते सांगितलंय.

तर विचारणाऱ्या मैत्रिणींना माझं उत्तर. हौसेसाठी हॅमस्टर विकत घेऊ नका. आम्ही घेतला, म्हणून सांगते. आपण एक घेतला की दुकानात त्याच्या जागी दुसरा येतो, आणि तो कुठल्या तरी पिंजऱ्यात अशाच एखाद्या चिकूने दिलेला असतो. पर्युषणात पक्षी विकणाऱ्याकडून पिंजरा विकत घेऊन उडवणाऱ्यांनाही मी हेच म्हणते, त्यावरून आमच्या मंडळात दोनदा वाद झालाय. पुण्य मिळवायला गेलो आणि पारध्याला उद्याचं काम दिलं. प्राण्यांची दुकानं नोंदणी करून, नियमाने चालावीत असा केंद्राचा नियम २०१८ पासून आहे. निदान दुकानात गेलात तर नोंदणी आहे का एवढं तरी विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

पण घरात आलेलाच असेल, कोणी बदली होऊन जाताना तुमच्या गळ्यात घातला असेल, तर तो सोडून देऊ नका. याबद्दल मात्र मी कडक आहे. टेमघरच्या माळावर सोडलेला हॅमस्टर म्हणजे जीवदया नव्हे. मांजर, घार, कुत्रं, ऊन, यातलं काहीतरी त्याला दोन दिवसांत गाठेल. आपल्या रानाशी त्याचं काही नातं नाही. तो दोन-अडीच वर्षं जगतो, तेवढी वर्षं नीट सांभाळा. एका पिंजऱ्यात एकच. पिंजरा दुकानातला गुलाबी खेळणं नको, पाय पसरून पळता येईल इतका मोठा, आणि तळाला लाकडाचा भुसा किंवा कागदाचे कपटे वीतभर तरी, म्हणजे त्याला खणता येईल. बंद पृष्ठभागाचं चाक, तारांचं नको, पाय अडकतो. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज गेली की घर भट्टी होतं, तेव्हा पिंजऱ्याशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला गार पाण्याचा माठ ठेवते मी.

आणि एक, जे फक्त भिवंडीत सांगावं लागतं. आमच्या शेजाऱ्यांनी प्रेमाने मागावरच्या सुताचा कचरा पिशवीभर आणून दिला, 'मऊ मऊ घाला बिचाऱ्याला.' डॉक्टर म्हणाले, अजिबात नको. धागे पायाला गुंडाळतात, रक्त थांबतं, पाय जातो. कापूसही नको. खंबायतच्या म्हाताऱ्याचा कापूस चालला, कारण त्याची नजर पेटीवरून हलत नव्हती. आपल्याला कुकर बघायचा असतो.

लहान मुलांचं म्हणाल तर पाच वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर उंदीरवर्गातला कुठलाच प्राणी नको, असं डॉक्टर सांगतात. हात लावला की साबणाने हात धुणं हवंच. घरात कोणी गरोदर असेल तर पिंजरा साफ करायचं काम तिने मुळीच करू नये. या प्राण्यांकडून क्वचित एक विषाणू येतो, तो आपल्याला साध्या तापासारखा वाटतो पण पोटातल्या बाळाला घातक ठरतो. माझ्या जावेला सहावा महिना होता तेव्हा मी तिला त्या खोलीतही जाऊ दिलं नाही. तिला राग आला, येऊ दे.

आमची चार पिल्लं जगली. चौथ्या आठवड्यात नर-माद्या वेगळ्या केल्या. दुकानात परत द्यायला सासूबाईंनी साफ नकार दिला. एक माझ्या नणंदेकडे, दोन ओळखीच्या दोन घरांत, एकएकटी. चौथं अशक्त होतं, दीड महिन्याने गेलं. लाडू समोरच्या कॉलेजच्या मुलाने नेला, त्याने लाकडी फळ्यांचा असा काही मोठा पिंजरा बनवलाय की मला चिकूच्या पिंजऱ्याची लाज वाटते.

चिकू आमच्याकडेच आहे. आता दीड वर्षाची, म्हणजे म्हातारीच म्हणायची. घरातलं एकमेव रात्रीभोजन तिचं. सासूबाई सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, पण तिचा दाणा त्या स्वतःच ठेवतात, दिवेलागणीच्या आधी. "खायचं ते तिने आपल्या वेळेला खावं, माझ्याकडून अंधारात वाढलं जायला नको," असं म्हणून. ज्वारी, थोडे करडईचे दाणे, काकडीची एक चकती. रात्री अकराला चाक फिरायला लागतं तेव्हा त्या माळ थांबवून क्षणभर ऐकतात.

लेकीच्या त्या प्रश्नाला मी अखेर काय सांगितलं, तर अलेप्पोची गोष्ट, सगळी, विषाच्या बाटलीसकट. मग खंबायतच्या म्हाताऱ्याचीही सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी घरटं उचललं म्हणून?" मी म्हटलं, "तू उचललंस, मीही डोकावले, आणि दुकानात घ्यायला आपणच गेलो होतो."

परवा स्वयंपाकघरातल्या पिंजऱ्यात पुन्हा एक उंदीर सापडला. सकाळी ती आमच्या ह्यांच्याबरोबर गेली, रस्त्याच्या कडेला नको म्हणून हट्टाने आत गवतापर्यंत चालत नेऊन तिनेच दार उघडलं. आल्यावर पाय धुता धुता विचारलं, "चिकूला असं नाहीच ना सोडता येणार?" मी नाही म्हटलं. "मग आज भुसा बदलायचा वार आहे," ती म्हणाली आणि जुना पेपर शोधायला गेली.